कानावर आलं तेवढंच

शिंक आली तेव्हा तोताराम फिरके मोरीत तोंड धूत होता. एका हातात तांब्या होता म्हणून दुसऱ्या हाताने त्याने नाक दाबलं आणि शिंक आतल्या आत जिरवली. ती जिरली नाही. उजव्या कानातून सूं करून हवा बाहेर पडली आणि पाळीला थंड लागली. सायकलच्या ट्यूबला बारीक भोक पडावं तशी. तो तांब्या खाली ठेवून उभा राहिला. मग नीट दोन बोटांनी नाक धरून त्याने जपून फुंकर मारली. पुन्हा तेच झालं. देहाला नऊ दारं आहेत, हे त्याने लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं. कान हे आत येण्याचं दार, एवढंच त्याला माहीत होतं. त्यातून काही बाहेरही जातं, असं बुवांनी सांगितलं नव्हतं. भिंतीवरच्या आरशात त्याने मान वळवून पाहिलं, पण स्वतःचा कान माणसाला नीट दिसत नाही. पाळी होती तशीच होती. खांद्यावर दगडाच्या कपच्या लागल्या होत्या, तिथे मात्र खपल्या धरल्या होत्या. त्या तीन दिवस त्याची बायको पुष्पा रोज मोजत होती आणि तो तिला मोजू देत होता. दिसणारी जखम बरी होत चालली की माणूस निर्धास्त होतो. कान बसलाय, उघडेल आपोआप, असं त्याने घरी सांगितलं होतं. स्वतःलाही तेच सांगितलं होतं. आता त्याच्या लक्षात आलं की कान बसलेला नाही, फुटला आहे. बाहेरून पुष्पा काहीतरी म्हणाली. ती काय म्हणाली ते कळायला त्याला डावा कान दाराकडे करावा लागला. चहा झाला, एवढंच ती म्हणाली होती.

जळगावच्या तार ऑफिसात तोताराम सिग्नलर होता. मुंबई लाइनच्या साउंडरवर त्याची खुर्ची असे. साउंडर म्हणजे पितळी ओठाचं एक छोटं यंत्र. ते लाकडी खोक्यात बसवलेलं असे आणि दिवसभर कडकट्ट कडकट्ट करत असे. दोन ठोक्यांमधलं अंतर किती, यावरून अक्षर ओळखायचं. ऐकणारा ते ऐकत नाही, त्याच्या हातातली पेन्सिल ऐकते, असं जुने लोक म्हणत. अकरा वर्षं त्याची पेन्सिल ऐकत आली होती. गावी त्याला 'तारमास्तर' म्हणत. त्याच्या कानाबद्दल बोदवडच्या पंचक्रोशीत थोड्या दंतकथाही होत्या. दूरच्या गाडीची शिट्टी ऐकून तो इंजिन सांगतो म्हणे. तसं काही नव्हतं, पण त्याने कधी नाकारलं नाही. म्हणूनच गेल्या रविवारी थोरल्या भावाच्या विहिरीवर सुरुंग उडवायचे होते, तेव्हा मोजायचं काम त्याच्याकडे आलं. विहीर काळ्या पाषाणात अडली होती. विहीर फोडणारा लोटन हा साक्रीकडचा माणूस. त्याने चार भोकं पाडून दारू ठासली, चार वाती लावल्या आणि दोर हलवून तो वर आला. वाती लहानमोठ्या कापलेल्या, म्हणजे सुरुंग एकामागून एक उडणार. बांधाआड बसून आवाज मोजायचे, चार पुरे झाल्याशिवाय कोणी काठावर जायचं नाही, हा दस्तूर. तोताराम बांधाआड बसला आणि त्याने मोजले. धूर वर आला. लोटन म्हणाला, "चार व्हयनात ना मास्तर? मी उतरस." तोताराम म्हणाला, "झाले चार." लोटन निघाला आणि बिडी पेटवायला थांबला. वारा होता, काडी दोनदा विझली. तेवढ्यात शहरातून आलेल्या माणसाच्या कुतूहलाने तोताराम काठाजवळ गेला आणि भावाला हाक मारायला डावीकडे वळला. पुढचं त्याला तुकड्यातुकड्याने आठवे. कोणीतरी उशीने उजव्या बाजूला थोबाडीत मारावी तसा एक मऊ, प्रचंड धक्का. आवाज नाहीच. आवाज त्याला अजून ऐकू आलेला नव्हता. आभाळात वर चढणारे दगड, ते सावकाश थांबतात आणि मग खाली येतात. आणि तोंड हलवणारा भाऊ. लोटनच्या ओठांत न पेटलेली बिडी होती.

ऑफिसात त्याने सोमवारीच खुर्ची फिरवून घेतली होती. साउंडर उजवीकडे असे, तो आता डावीकडे आला. लिहिताना कोपर भिंतीला घासे. शेजारच्या भुसावळ लाइनवरचा झुलाल म्हणाला, "काय मास्तर, खुर्ची फिरवून साहेब होता येतं का?" तोताराम म्हणाला, "पंख्याचा वारा कागद उडवतो." झुलालने पंख्याकडे पाहिलं. तो जानेवारीपासून बंद होता. मुंबईच्या टोकाला जो सिग्नलर बसे त्याला तोतारामने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्याचा हात तो ओळखे, जसा आपण शेजाऱ्याचा खोकला ओळखतो. त्या हाताने शिंकेच्या दिवशी दुपारी तारेवरच विचारलं, आज नवा माणूस बसवलाय का? कारण तोतारामने तासाभरात सहा वेळा 'पुन्हा पाठवा' म्हटलं होतं. डाव्या कानाने ऐकणं म्हणजे डाव्या हाताने जेवण्यासारखं होतं. घास पोचतो, पण तोंडाला नेण्याआधी विचार करावा लागतो. साउंडरवर विचार करायला वेळ नसतो. त्याला जबलपूरचं ट्रेनिंग आठवलं. तिथला मास्तर हातात रूळ घेऊन मागे फिरे. ज्याने अर्धं ऐकून शब्द पुरा केला, त्याच्या टेबलावर तो रूळ आपटे. जे यायला हवं होतं ते लिहू नका, जे आलं ते लिहा. जळगावात हे नियमाने पाळावं लागे, कारण इथल्या निम्म्या तारा कापसाच्या. व्यापाऱ्यांची भाषा सांकेतिक. लॅम्प ब्रदर ऑरेंज, असली तार यायची. त्यात अर्थ शोधायला गेलेला सिग्नलर बुडाला.

तशा तारांचं मोठं गिऱ्हाईक लखीचंद शेठ. तो त्या दिवशी खिडकीशी आला आणि दोनदा हाक मारूनही तोतारामने वर पाहिलं नाही. तिसऱ्यांदा शेठने खिडकीच्या गजावर अंगठी वाजवली.

"तारबाबू, आमच्यावर रुसले का?"

"नाही शेठ. कान जरा..."

"विहिरीची गोष्ट बोदवडहून आली आमच्याकडे. कापसाच्या गाडीबरोबर सगळं येतं." शेठ आवाज खाली आणून म्हणाला, आणि तोतारामला गजाला कान लावावा लागला. "जळगावात कोणाला दाखवू नका. इथे दाखवलं की संध्याकाळी तुमच्या पोस्टमास्तरला कळतं. धुळ्याला देवरे डॉक्टर आहे. फौजेतून आला. आमच्या साल्याच्या हातात बंदूक फुटली होती, दोन बोटं ठेवली त्याने. बाकीचे डॉक्टर मनगट मागत होते." मग तो तारेचा कागद आत सरकवून म्हणाला, "आणि कान बरा होईपर्यंत आमची तार झुलालकडून लिहून घ्या. वाईट वाटून घेऊ नका हां."

वाईट वाटून घेऊ नका, हे सांगितल्यानेच ते वाटलं. अकरा वर्षांत कोणी त्याची तार दुसऱ्याकडे दिली नव्हती. वर कळलं तर यंत्रावरून उठवतील, हे उघड होतं. बहिऱ्या सिग्नलरचं काय करतात ते त्याला ठाऊक होतं. अकोल्याच्या एकाला पाकिटांवर शिक्के मारायला बसवलं होतं. तो माणूस वाईट नव्हता, पगारही फार गेला नव्हता. पण त्याच्याशी बोलताना सगळे उगाचच हसरं तोंड करत. सायंकाळी घरी येईपर्यंत तोताराम रस्त्यात भेटलेल्या तिघांशी तसं हसरं तोंड करून बोलला होता. ते आरशात न पाहताही त्याला कळलं.

एरंडोल, पारोळा करत एस. टी. धुळ्याला पोचली तेव्हा चैत्राचं ऊन रस्त्यावर उभं राहिलं होतं. पुष्पा बरोबर आली होती. देवरे डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर चाळीसेक माणसं होती, आणि कान दाखवायला आलेला त्यात तो एकटाच असावा. डॉक्टर पन्नाशीचे, बुटके, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले. त्यांनी कान पाहिलाच नाही. आधी त्याला टेबलावर आडवं केलं, छातीवर बोटं ठेवून ठोकून पाहिलं, पाठीला नळी लावून ऐकलं, पोट चारी बाजूंनी दाबलं. थुंकीत रक्त आलं का? जिना चढताना दम लागतो का? शौचाला काळं होतं का? तोताराम म्हणाला, "डॉक्टर, माझा कान." डॉक्टर म्हणाले, "कान कुठे पळून जात नाही." मग हात धुताना ते म्हणाले की स्फोटाचा वारा दगडाच्या आधी पोचतो. तो कातडीला ओरखडा न काढता आत शिरतो आणि जिथे पोकळी असेल तिथे फाडतो. कानात, फुप्फुसात, आतड्यात. ब्रह्मदेशात त्यांनी असे शिपाई पाहिले होते, बसून बिडी मागणारे, अंगावर टिचभर जखम नसलेले, आणि तासाभरात गेलेले. "तुम्ही आठवडाभर चालताय, जेवताय, रागावताय. म्हणजे छाती आणि पोट दोन्ही शाबूत आहेत. आता कान बघू." खांद्यातल्या दोन कपच्या त्यांनी चिमट्याने काढल्या आणि तिसरी राहू दिली. पुष्पाने विचारलं, आत राहिली तर? डॉक्टर म्हणाले, "गोळी काढायला गेलेल्या चाकूने गोळीपेक्षा जास्त माणसं मारलीत बाई. ती गप्प आहे तोवर तिला गप्प राहू द्या. आणि टाका मागू नका. सुरुंगाच्या दगडाबरोबर माती आत जाते. जखम शिवली की माती आत कोंडते. उघडी ठेवून रोज पट्टी बदला."

कानात त्यांनी आरशाने उजेड पाडला आणि बराच वेळ पाहिलं. पडद्याला भोक होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. कडा स्वच्छ होत्या. ते आपोआप भरेल, पाच-सहा आठवडे लागतील. "कानात काहीही घालायचं नाही. तेल नाही, पाणी नाही, काडी नाही. तीर्थसुद्धा नाही. सैल कापूस ठेवा आणि कान विसरून जा. यावर औषध म्हणजे काही न करणं, आणि तेच लोकांना जमत नाही." तोताराम हसला. त्याला बरं वाटायला लागलं होतं. मग डॉक्टरांनी खणातून एक लोखंडी चिमट्यासारखी वस्तू काढली, गुडघ्यावर आपटली आणि तिचा दांडा त्याच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. चिमटा गुणगुणत होता. "कुठल्या कानात वाजतं?"

ते उजव्या कानात वाजत होतं. फुटक्या कानात. स्पष्ट, भरून, जणू देवळातली घंटा वाजून गेल्यावर तिच्या पोटात डोकं घातलंय. डाव्या चांगल्या कानात जवळजवळ काहीच नव्हतं. हे खरं असूच शकत नव्हतं. फुटलेल्या मडक्यात पाणी भरतं आणि धड मडकं कोरडं, असं कधी होतं का? डॉक्टर त्याच्याकडे पाहत होते आणि त्यांची नजर जबलपूरच्या मास्तरासारखी होती. उत्तर त्यांना माहीत होतं. तोतारामला वाटलं, ही परीक्षा आहे. हा माणूस भ्रमात आहे की शुद्धीत, ते पाहतायत. भलतंच सांगितलं तर कानाबरोबर डोकंही गेलं म्हणतील, आणि कागदावर तसं लिहितील.

"डाव्या," तो म्हणाला.

"नक्की?"

"डाव्या."

डॉक्टरांनी चिमटा पुन्हा आपटला, दांडा उजव्या कानामागच्या हाडावर टेकवला, मग चिमटा कानासमोर धरला. मोठं कुठे, मागे की समोर? मागे मोठं होतं, पुष्कळच. पण कानाचं भोक समोर होतं. तोताराम म्हणाला, "समोर." आता आपण शहाण्यासारखी उत्तरं देतोय, असं त्याला वाटलं. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरत गेला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, पेन मिटलं आणि पुष्पाकडे न पाहता त्याला सांगितलं की पडदा भरेल, पण धक्का आतल्या शिरेपर्यंत गेलेला दिसतो. शीर मेली की ती परत येत नाही. थोडंफार येईल, कदाचित. नोकरी कसली आहे? तोतारामने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "अरेरे." दाराबाहेर पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला. पुष्पा नेहमीप्रमाणे उजवीकडे बसली, मग उठली आणि त्याला ओलांडून खिडकीशी गेली. तो तिच्या जागेवर सरकला. पुढचे चार आठवडे ती त्याच्या डाव्या बाजूला राहिली. जेवायला वाढताना, चालताना, अंथरुणावर. हे तिचं शहाणपण त्याला काट्यासारखं टोचे. आपला अर्धा देह बंद करून तिने अर्ध्यात संसार मांडलाय, असं वाटे. उजवीकडे आता फक्त एक शिट्टी होती. बारीक, न थांबणारी, दूरच्या गिरणीच्या भोंग्यासारखी. ती त्याला सकाळी मोठी वाटे, दुपारी लहान. शीर मरताना ओरडत असेल का, असं त्याच्या मनात येई आणि तो विचार डोक्यातून काढायला तो मनातल्या मनात मोर्सची अक्षरं ठोके. लहानपणापासून जे जे उजवीकडून आलं होतं ते त्याला आठवत राही. शाळेत तो खिडकीच्या डाव्या अंगाला बसे, त्यामुळे रहाटाचा आवाज उजवीकडून येई. वडील उजवीकडे झोपत आणि झोपेत दात खात. हे सगळं त्या कानाने आत नेऊन कुठेतरी ठेवलं होतं. आणि दार बंद झालं तर ते आतच राहील, की तेही जाईल, हे विचारायला धुळ्याला जाणं वेडेपणाचं होतं. ऑफिसात त्याने डाव्या कानाला शिकवायला घेतलं. 'पुन्हा पाठवा' दिवसाला सहावरून तीनवर आलं. लखीचंद शेठ झुलालच्याच खिडकीशी जाई आणि जाताना तोतारामला दुरून नमस्कार करी.

चौथ्या आठवड्यात थोरला भाऊ जीवराम आला. जीवरामभाऊंनी पिशवीतून केळीच्या सोपटात गुंडाळलेली बाटली काढली आणि जपून पाटावर ठेवली.

"मायनं देल्लं. लसूण, ओवा, करंजीचं तेल. तीन थेंब सकाळी, तीन संध्याकाळी."

"डॉक्टरांनी काही घालू नका सांगितलंय, भाऊ."

"डाक्टर लढाईत शिकला. तिथी कोनाले वेळ व्हता तेल घालाले?" भाऊ त्याच्या उजव्या बाजूने बोलत होते, मग आठवण होऊन डावीकडे आले आणि दुप्पट मोठ्याने बोलू लागले. "पन तोता, एक सांगतो. त्याच सुरुंगानं झरा फुटला पाह्य. दोन पुरुष पानी हाये. गावात म्हनतात, तारमास्तरनं कान देल्ला अन् पानी घेतलं."

तोतारामने बाटलीकडे पाहिलं. घातलं काय आणि न घातलं काय, असं त्याला वाटलं. शीर मेलेलीच आहे. माय तरी समाधानाने झोपेल. त्याने कापूस काढला आणि मान तिरपी केली. पुष्पा आतून आली, बाटली उचलली, बूच काढून हुंगली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमचे गुडघे दुखतात ना? बसा इथे." थोरल्या दिराचे गुडघे ती लाजेने स्वतः चोळू शकत नव्हती. तेव्हा बाटली भाऊंच्या हातात देऊन ती समोर उभी राहिली आणि अर्धी संपेपर्यंत हलली नाही. भाऊ आपलेच गुडघे चोळत पुटपुटत राहिले. "पाहा, चोर सोडून संन्याशाले फाशी." मग जरा वेळाने, तेलकट हात फडक्याला पुसत ते सहज म्हणाले, "लोटन इचारत व्हता तुले. म्हने, बिडी पेटली असती पह्यल्या काडीले, तं मी आत असतो. तू चार म्हटलं ना रे?"

"म्हटलं."

"वाजले व्हते चार?"

तोतारामने ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा तो पहिला उपयोग होता, आणि त्याची त्याला किळस आली. कारण तीनच वाजले होते. हे त्याला बांधाआडही माहीत होतं. तीन धडाके, आणि मग टेकडीवरून परत आलेला एक फिकट, उशिराचा, पोकळ पडसाद. तो आवाज सुरुंगाचा नव्हता हे अकरा वर्षांच्या कानाने ओळखलं होतं. पण वाती चार होत्या. लोटन वाट पाहत होता, ऊन होतं, सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि चार यायला हवे होते. म्हणून त्याने चार लिहिले. एवढे आठवडे तो स्वतःला सांगत आला होता की सुरुंगाने त्याचा कान फोडला. भाऊ गेल्यावर, त्या तेलाचा वास घरभर असताना, त्याला वाटलं की कानाने काम बरोबर केलं होतं. चूक त्याच्या पुढे कुठेतरी झाली होती.

दुसऱ्याच दिवशी दुपारी लाइन शांत होती. तोताराम टेबलावर डावं कोपर टेकून, जबडा मुठीत घेऊन बसला होता. कोपर साउंडरच्या लाकडी खोक्याला लागलं होतं. मुंबईने बोलवायला सुरुवात केली आणि साउंडर त्याच्या उजव्या कानात वाजला. कडकट्ट, कडकट्ट. दचकून त्याने हात काढला. उजवीकडे पुन्हा ती दूरची शिट्टी. त्याने मूठ पुन्हा जबड्याला लावली, आणि मुंबईचा ओळखीचा हात, त्याच्या लहानशा अडखळीसकट, त्याच्या डोक्याच्या उजव्या बाजूला चालू लागला. त्याने पेन्सिल दातांत धरून तिचं टोक खोक्याला टेकवलं. अजून मोठं. झुलाल पाहत होता. "भूक लागली का मास्तर? डबा आहे माझ्याकडे." तोताराम हलला नाही. त्याला धुळ्याचा चिमटा आठवला. तो भ्रम नव्हता. तो खरंच उजवीकडे वाजला होता आणि आपण डावा सांगितला. याचा अर्थ चांगला की वाईट, हे त्याला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की डॉक्टरांनी जो निकाल दिला तो दुसऱ्याच कुणाच्या कानाचा होता. मुंबईला त्याने उत्तर दिलं, तार घेतली, खाली सही केली आणि रविवारची वाट पाहू लागला. घरी त्याने काही सांगितलं नाही. चांगली बातमी आहे असं त्याला वाटत होतं आणि त्याचीच त्याला भीती होती.

देवरे डॉक्टरांना त्याने उभ्या उभ्या सांगितलं. आधी चिमट्याचं, मग साउंडरचं. मग डॉक्टर काही बोलायच्या आत, कोणी विचारलेलं नसताना, विहिरीचंही. "तीन वाजले होते. मी चार म्हटलं. तो माणूस उतरला असता."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. बाहेर कोणीतरी खोकत होतं.

"तुम्ही मला उलटं सांगितलंत," ते म्हणाले. "आणि मी ते मानलं. चाळीस माणसं बसली होती, मलाही घाई होती. पडदा फाटला की बाहेरचा आवाज आत जात नाही, पण हाडातून गेलेला त्याच कानात जास्त वाजतो. चांगल्या कानात वाजला असता तर शीर मेली म्हणायची. तुम्ही चार आठवडे ज्या शिरेचं सुतक पाळलंत ती मेलेलीच नाही."

तोताराम बसला. बसायला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी चिमटा आपटून कपाळाला लावला, तो म्हणाला उजव्या. हाडावर, समोर; तो म्हणाला मागे, थोडंसंच. आरशाने आत पाहून डॉक्टर म्हणाले की ज्वारीचा दाणा आता राजगिऱ्याएवढा राहिलाय, आठ दिवसांत तोही जाईल. "तेल घातलं नाहीत?" "नाही. भावाच्या गुडघ्याला घातलं." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कापूस काढून टाकला, त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं, आपल्या बोटाने त्याचा डावा कान घट्ट मिटून चोळत ठेवला आणि मागे, उजव्या अंगाला उभे राहिले. "मी हळू पाच आकडे म्हणेन. प्रत्येकानंतर थांबेन. ऐकलं ते सांगा."

भिंतीवर चुन्याचा पोपडा सुटला होता. तोतारामने त्यावर नजर ठेवली. मग उजवीकडून, पाच आठवड्यांनी, कापडाआडून यावी तशी कुजबुज आली. बाईसारखी नाही, पुरुषासारखी नाही, नुसता श्वास आणि त्याला असलेला आकार. "सात," तो म्हणाला. "एकोणीस." हे आकडे त्याच्या आत गेले आणि जिथे जायला हवे तिथे बसले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात उचलला तर बाक वाजेल म्हणून त्याने तसंच राहू दिलं. मग काही नाही. त्याने वाट पाहिली. डॉक्टरांच्या हाताला डेटॉलचा वास होता, बोट डाव्या कानावर फिरत होतं, मानेवर श्वास लागला होता, म्हणजे ते बोलले होते. पाचातला तिसरा. यायला हवा होता. आला नाही म्हटलं तर शीर अर्धी मेलेली ठरेल. एखादा आकडा म्हणून टाकला तरी पाचात एक चूक कोण मोजतं? त्रेचाळीस, त्याच्या जिभेवर आला, कुठूनही न येता, तयार. लोटन वाऱ्याला पाठ करून उभा होता आणि हाताच्या ओंजळीत काडी धरून विचारत होता.

"तिसरा आला नाही," तोताराम म्हणाला.

मग कुजबुज पुन्हा आली. "बत्तीस," तो म्हणाला. आणि मग, "आठ."

डॉक्टरांनी डाव्या कानावरचं बोट काढलं, आणि बाहेरचा बाजार, टांगा, बाकावरचा खोकला, सगळं दोन्ही बाजूंनी एकदम आत आलं. ते पुढे येऊन हात धुऊ लागले.

"तिसरा मी म्हटलाच नव्हता," ते म्हणाले. "नुसता श्वास सोडला. जा, कामावर जा."